काय देते?

गाडीचं अ‍ॅव्हरेज हा नाशिकमधला असा एकच आकडा आहे, जो पूर्ण परक्या माणसाला बेधडक विचारता येतो आणि जो उत्तर देणाऱ्याच्या सोयीनं बदलतो. गाडी विकायला काढली असेल तर ती बावीस देते. मेव्हण्यानं दोन दिवसांसाठी मागितली तर चौदा, आणि वर 'गिअर जरा अडकतोय'. ऑफिसात पेट्रोलचं बिल लावायचं असेल तर अकरा. शेजारी नवी गाडी घेऊन आला आणि आपली सतरा देते म्हणाला, तर आपली त्या क्षणापासून साडेअठरा द्यायला लागते. गाडी तीच, गंगापूर रोड तोच, चालवणाराही तोच. प्रश्न मात्र ठरलेला असतो: 'काय देते?' गोठ्यातल्या म्हशीबद्दल विचारावं तसा. आणि म्हशीच्या दुधाबद्दल आजवर कोणी खरं सांगितलंय?

आमच्या इमारतीतले एक काका याला अपवाद आहेत. सातपूरला मायकोत त्यांची उभी हयात गेली. २००८ मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, पण जुन्या नाशिककराच्या तोंडी ती मायकोच राहिली आणि मायको सर्कलही मायको सर्कलच. डिझेल इंजिनाची नोझल आणि इंजेक्टर तिथं बनतात. जवळजवळ केसाइतक्या बारीक छिद्रांतून डिझेलचा फवारा मारायचा, तोही इंजिनाला हवा तेव्हा आणि हवा तेवढाच, असलं ते काम. 'डिझेल पडता कामा नये, उडलं पाहिजे,' हे काकांचं वाक्य इमारतीतल्या पोरांनाही पाठ आहे. आयुष्यभर थेंब फोडत बसलेल्या माणसाला पुढं थेंब मोजायची सवय लागली, तर त्यात नवल नाही.

काकांकडं एलआयसीची एक डायरी आहे. पहिल्या पानावर 'श्री', दुसऱ्या पानापासून रकाने. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि शेवटी 'शेरा'. टाकी फुल ते टाकी फुल, मधे एक थेंब इकडचा तिकडं नाही. पंप ठरलेला, पंपावरचं मशीन ठरलेलं, गाडीचं तोंडही ठरलेल्या दिशेला. कारण त्या पंपाच्या फरशीला किंचित उतार आहे आणि उलट्या तोंडानं उभी केली की टाकीत थोडं कमी मावतं, असं काकांचं निरीक्षण आहे. बंदूक 'कट' झाली की झाली. पंपावरचा पोरगा सवयीनं 'काका, राउंड फिगर करू?' विचारतो, तेव्हा काका त्याच्याकडं अशा नजरेनं बघतात की तो पुढच्या गाडीची टाकी उघडायला निघून जातो.

मला स्वतःला या डायरीतला 'शेरा' फार आवडतो. 'वणी गड, पाच माणसं.' 'हवा कमी होती.' 'द्वारका चौक. पाऊण तास.' 'एसी, पाहुण्यांमुळे.' एका ओळीत नुसतं 'जावई' एवढंच आहे. त्या खेपेला गाडीनं अकरा दिले होते.

सरकारनं अशीच एक वही २०१७ मध्ये उघडली. तिचं नाव 'कॅफे'. कॉलेज रोडवरच्या दुकानाची पाटी वाटावी असं नाव आहे, पण आत कॉफी नाही. कॉर्पोरेट अ‍ॅव्हरेज फ्युएल एफिशिअन्सी असा त्याचा विस्तार. फ्रिजला आणि एसीला तारे वाटणाऱ्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीकडंच या आकड्यांचं काम आहे. ही वही एकेका गाडीला पास-नापास करत नाही. कंपनीनं वर्षभरात विकलेल्या सगळ्या मोटारी घ्यायच्या, त्यांची सरासरी काढायची आणि ती ठरलेल्या रेषेच्या आत आहे का ते बघायचं. पहिल्या टप्प्यात ही रेषा किलोमीटरमागे १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडवर होती, २०२२-२३ पासून ती ११३ वर आली. पेट्रोलच्या भाषेत बोलायचं तर लिटरला साधारण १८ किलोमीटरवरून २१ वर. रेषा ओलांडली तर काय, याचं उत्तर कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं दिलं: चूक थोडी असेल तर विकलेल्या प्रत्येक गाडीमागं २५ हजार रुपये दंड, जास्त असेल तर ५० हजार. तिसरा, आणखी कडक टप्पा एप्रिल २०२७ पासून आणायचा, असा मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये निघाला, आणि तेव्हापासून मोटार कंपन्यांमध्ये जी जुंपली ती वाचून आमच्या रविवारच्या मिसळीला नवा विषय मिळाला.

लोकांचं मत ऐकायचं तर नाशिकमध्ये मिसळीच्या टेबलासारखी जागा नाही. तोंडात जहाल रस्सा असला की माणूस फार काळ गोलमाल बोलू शकत नाही. तर टेबलावरचं पहिलं मत एकमतानं मंजूर झालं: नियम कडक हवेत. प्रदूषण किती वाढलंय, पेट्रोल २०२१ मध्ये शंभरी ओलांडून गेलं ते परत आत आलंच नाही, बाहेरून तेल आणायला देशाचा केवढा पैसा जातो, वगैरे सगळं झालं. दुसरं पाव-ताट येईपर्यंत इतका एकोपा होता की ठराव करून दिल्लीला पाठवावा.

मग कोणीतरी म्हणालं, 'पण त्यानं गाड्या महाग होतील ना.'

इथं पहिली फट पडली. माझा एक भाचा अंबडला एका छोट्या शॉपमध्ये आहे, मोठ्या कंपन्यांना पार्ट देणाऱ्या. तो म्हणाला, महाग होतीलच, पण आमच्याकडं ऑर्डरही त्यानंच येते. काका म्हणाले, येते तशी जातेही. प्रत्येक नव्या नियमाबरोबर शॉपमध्ये एक नवीन मशीन आलं आणि एका जुन्यावर ताडपत्री पडली. कोणत्या मशीनवर आपण उभे आहोत त्यावर माणसाचं मत ठरतं. सातपूर-अंबडच्या शहरात हा विषय नुसता पर्यावरणाचा राहत नाही. इथं बोलेरो बनते, इथूनच २००२ मध्ये स्कॉर्पिओ देशभर गेली. फर्स्ट शिफ्टची बस पकडणाऱ्या माणसाच्या घरचा हप्ता त्या जड गाडीवर चालतो, आणि त्याच घरातल्या पोरीचा दमा धुरानं वाढतो. त्याला 'तुमचं मत काय' असं विचारणारा माणूस बहुधा कुठल्याच शिफ्टला गेलेला नसतो.

शेजारच्या टेबलावर निफाडकडचा एक पिकअपवाला होता. कान आमच्याकडंच होते. तो न राहवून म्हणाला, 'साहेब, अ‍ॅव्हरेज रिकाम्या गाडीचं का भरल्या गाडीचं?' लासलगावला कांदा टाकून येणाऱ्या माणसाचा प्रश्न इतका रास्त होता की टेबल गप्प झालं. कॅफेचा नियम माणसं वाहणाऱ्या मोटारींचा आहे, त्याच्या पिकअपला तो लागू नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते ऐकून बरं वाटलं की वाईट, ते कळलं नाही. त्यानं आणखी एक तर्री मागवली.

त्याच्या प्रश्नाला खरं उत्तर पुण्यात आहे. गाडीच्या माहितीपत्रकात जो आकडा असतो तो एआरएआयसारख्या संस्थेत निघतो. तिथं गाडी रस्त्यावर जातच नाही. रोलरवर उभी करतात, चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. वीसेक मिनिटांचा ठरलेला खेळ: थोडं शहर, थोडा हायवे, वेग ताशी ९० च्या आत, एसी बंद. रिक्षा आडवी येत नाही, मागून कोणी हॉर्न मारत नाही, आणि मागच्या सीटवर 'जरा हळू घ्या ना' म्हणणारं कोणी नसतं. पुण्यात निघालेला तो आकडा खेड घाट, चंदनापुरी घाट आणि सिन्नर ओलांडून नाशिकला पोचेपर्यंत चार-पाच किलोमीटरनं झडलेला असतो. यात कोणाची लबाडी आहे असं नाही. सगळ्या गाड्या एकाच मापानं मोजायच्या तर माप असंच कुठंतरी बंद खोलीत ठेवावं लागतं. पण आपल्याकडं लोक त्या आकड्याकडं पत्रिकेतल्या गुणांसारखं बघतात आणि संसार सुरू झाल्यावर भांडतात.

काकांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला जास्त पटतो. ते म्हणतात, लिटरला किती किलोमीटर, हा हिशोबच फसवा आहे. मिसळीच्या बिलाच्या पाठीवर त्यांनी तो मांडून दाखवला. महिन्याला हजार किलोमीटर फिरणारी गाडी लिटरला १० देते, तिला १०० लिटर लागतात. तीच १५ द्यायला लागली तर सुमारे ६७ लिटर. वाचले ३३. आता दुसरी, आधीच २० देणारी. तिला ५० लिटर लागतात. ती २५ द्यायला लागली तर ४० लागतील. वाचले १०. दोन्हीकडं सुधारणा पाचाचीच, पण पहिल्या गाडीनं तिपटीहून जास्त तेल वाचवलं. म्हणून सरकारी वहीत आकडा उलटा असतो, शंभर किलोमीटरला किती लिटर असा. आपण मात्र २५ देणारी छोटी गाडी २७ कशी देईल याच्यावर रात्र रात्र व्हिडिओ बघतो आणि १० देणारीकडं कौतुकानं बघत म्हणतो, 'काय रोड प्रेझेन्स आहे!'

बिलाच्या त्या कागदावर रश्श्याचा डाग पडला होता. काकांनी घडी करून तो खिशात ठेवला, डायरीला लावायला.

जड गाडीबद्दलचं आपलं प्रेम किती खरं आहे ते शोरूममध्ये कळतं. मुंबई-आग्रा हायवेला एका शोरूममध्ये एका कुटुंबाबरोबर मी गेलो होतो, आपलं मत द्यायला. सेल्समन इंजिनाबद्दल मनापासून बोलत होता. कुटुंबप्रमुखांनी त्याचं काहीच ऐकलं नाही. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि सोडून दिलं. धप्प. मग शेजारच्या, जरा स्वस्त गाडीचं दार. टण्ण. त्यांनी बायकोकडं बघितलं. बायकोनं मान डोलावली. मग आजींना आणून त्यांच्याकडून दोन्ही दारं लावून घेतली. पहिलीला बोटाच्या पेरानं बॉनेटवर टकटक करून झालं. 'पत्रा चांगला आहे.' इथं खरेदी झाली. बाकीचे कागद नंतरचे. आणि पत्रा चांगला म्हणजे जाड, जाड म्हणजे जड, जड म्हणजे तेल पिणारी, ही साखळी त्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. कारण सही करायच्या आधी प्रमुखांनी शेवटचा प्रश्न विचारलाच: 'काय देते?'

सेल्समननं आकडा सांगितला. ते म्हणाले, 'एवढीच?'

पत्र्यावरच्या या श्रद्धेला मी हसत नाही. आपल्या रस्त्यांवर ट्रकच्या शेजारून गाडी काढणाऱ्या माणसाला चार चाकांवर थोडं लोखंड जास्त असावंसं वाटणारच. पण हल्ली क्रॅश टेस्टचे तारे मिळतात, आणि ते पत्रा ठोकून मिळत नाहीत, सांगाडा कसा बांधलाय त्यावर मिळतात. दाराचा आवाज तर रबराच्या पट्टीनं आणि कुलपाच्या रचनेनंही घडवता येतो. हे त्या कुटुंबाला सांगायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात पेढे आले.

तिसऱ्या टप्प्याच्या मसुद्यावरचं भांडणही वजनाचंच आहे. कॅफेच्या नियमात मुळातच अशी सोय आहे की कंपनीच्या गाड्या सरासरीनं जितक्या जड, तितकी तिची रेषा थोडी सैल. आपल्या देशात वजनदारांना सवलत मिळते हे कोणाला नवीन नाही, पण ते सूत्र घालून कागदावर आलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मसुद्यात मग हलक्यांसाठीही एक खिडकी ठेवली: रिकाम्या गाडीचं वजन ९०९ किलोपर्यंत, इंजिन १२०० सीसीपर्यंत, लांबी ४ मीटरपर्यंत, अशा पेट्रोल गाड्यांना किलोमीटरमागे ३ ग्रॅमची जादा सूट. मारुती म्हणाली, योग्यच आहे, छोटी गाडी जगली पाहिजे. टाटा आणि महिंद्र म्हणाले, वजनावर कसली सूट, सगळ्यांना एकच न्याय लावा. प्रत्येकाचं तत्त्व आपापल्या गोदामात उभ्या असलेल्या गाड्यांशी तंतोतंत जुळत होतं. मला यात काही वावगं दिसत नाही. मिसळीच्या टेबलावर आम्हीही तेच करत होतो, फक्त आमच्याकडं वकील नव्हते.

आकड्याची रेघ ओढली की गाड्या तिच्या अलीकडं येऊन कशा अंग चोरून उभ्या राहतात, हे बघायचं तर कोणत्याही पार्किंगमध्ये टेप घेऊन जावं. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली. तेव्हापासून डिकीची शेपटी छाटलेल्या सेडान निघाल्या आणि आज रस्त्यावरच्या कितीतरी लोकप्रिय गाड्यांची लांबी बरोब्बर ३,९९५ मिलीमीटर भरते. उरलेले ५ मिलीमीटर हे भारतीय अभियंत्यानं कायद्याला केलेलं वाकून नमन. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला, छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के झाला, तेव्हा त्या ५ मिलीमीटरची किंमत आणखी वाढली. अमेरिकेत याच्या उलट घडलं. १९७३ च्या तेलबंदीनं हात पोळल्यावर त्यांनी १९७५ मध्ये असाच सरासरीचा कायदा केला, पण मालवाहू हलक्या ट्रकना जरा सौम्य नियम ठेवला. काही वर्षांत तिथल्या बायाबापड्यांच्या शाळेत पोरं सोडायच्या गाड्या कागदोपत्री ट्रक झाल्या. २०२५ मध्ये तर तिथं दंडच शून्यावर आणला. आपल्याकडं शेपटी छाटली गेली, तिकडं गाडीला ट्रकची जात लागली.

सरकारची मोजदाद आणखी एका ठिकाणी मजेशीर होते. कंपनीनं विजेची एक गाडी विकली की हिशोबात ती तीन धरतात. प्रोत्साहन म्हणून. सरासरी खाली आणायला हे फार सोयीचं. काकांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी डायरी मिटली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

तोवर आपले लोक आपल्या पद्धतीनं तेल वाचवतच असतात. १०० रुपयांचं नाही, ११० चं टाकायचं. पहाटे भरायचं, तेव्हा पेट्रोल 'घट्ट' असतं. (टाकी जमिनीखाली असते, तिला पहाट झालेली कळत नाही.) आणि कसारा घाट. नाशिककर मुंबईला निघाला आणि घाट लागला की काही जणांचा हात आपोआप गिअरवर जातो आणि गाडी न्यूट्रलवर सोडली जाते. वाडवडिलांची विद्या आहे, कार्बुरेटरच्या काळातली. आताच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर उतारावर इंधन जवळजवळ बंदच होतं. उलट न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला ते पुन्हा थोडं थोडं येऊ लागतं. शिवाय ब्रेक तापतात ते वेगळंच. म्हणजे घाटात जीव धोक्यात घालून माणूस जादा पेट्रोल जाळतो आणि खाली उतरून बायकोला सांगतो, 'बघ, अख्खा घाट फुकट.' मी एकदा एका जवळच्या नातेवाइकाला हे समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'ते नव्या गाडीचं असेल. आपली तशी नाही.' त्याची गाडी नवीच होती.

हाच नातेवाईक समृद्धी महामार्गावर इगतपुरीहून नागपूरला गेला तेव्हा ताशी १२० च्या काट्यावरून खाली आला नाही. परत आला आणि तक्रार करू लागला की गाडी तेल फार खाते, पेट्रोलमध्ये काहीतरी आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. इंधन बचतीचा सल्ला देणारी पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन कित्येक वर्षं ४५ ते ५५ चा वेग सांगत आली आहे, पण ५० च्या वेगानं नागपूरला जायचं तर दुसऱ्या दिवशीचा डबा बरोबर घ्यावा लागेल, हेही खरं.

पेट्रोलमध्ये काहीतरी आहे, हे मात्र त्याचं बरोबर होतं. २० टक्के इथेनॉल आहे. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर या विषयावर जेवढं लोकमत उसळलं तेवढं कॅफेच्या तिन्ही टप्प्यांवर मिळून उसळलं नसेल, कारण कॅफेचा फटका कंपनीला आणि इथेनॉलचा थेट टाकीला. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा थोडं अ‍ॅव्हरेज घटणार हे गणितच आहे. किती घटतं यावर वाद. आमच्या जिल्ह्यात हा वाद घालताना पंचाईत होते. पंपावर इथेनॉलला नावं ठेवणारा माणूस घरी जातो तेव्हा त्याच्या चुलत्याचा ऊस कारखान्याला गेलेला असतो आणि त्याचं बिल यायचं बाकी असतं. मिसळीवर एकानं तावातावानं सुरुवात केली, 'हे इथेनॉल म्हणजे...', आणि समोर निफाडचे पाहुणे बसलेले दिसताच '...शेतकऱ्यासाठी चांगलं आहे' असं वाक्य संपवलं. इतकं सफाईदार वळण द्वारकेच्या चौकात कोणाला घेता आलेलं नाही.

माझं मत विचाराल तर, नियम कडक व्हावेत, आणि ते जड गाड्यांसाठी आधी व्हावेत. काकांच्या बिलामागचं गणित मला तिथंच नेतं. वजन वाढेल तशी सैल होणारी रेषा जितकी सपाट करता येईल तितकी करावी आणि शोरूममध्ये किमतीच्या पाटीशेजारी वर्षाला किती हजारांचं पेट्रोल लागेल ती पाटी तेवढ्याच मोठ्या अक्षरात लावावी. फ्रिज घेताना आपण तारे मोजून घेतो, तिथं कोणी दार आपटून बघत नाही. छोट्या गाडीच्या सवलतीबद्दल मी अजून डळमळीत आहे. स्कूटरवर चौघं बसून रविवार कारंज्याला निघालेलं कुटुंब बघितलं की सूट द्यावी वाटते, आणि त्याच कुटुंबाला क्रॅश टेस्टच्या व्हिडिओत बसवून बघितलं की वाटत नाही.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हा प्रश्न, आपल्या ऐपतीएवढा लहान होऊन, आला. सभा पार्किंगमध्येच असते. गाड्या थोड्या पुढं-मागं करून मधे प्लास्टिकच्या खुर्च्या टाकतात, आणि ज्यांना खुर्ची मिळत नाही ते आपापल्या बॉनेटला टेकून लोकशाही चालवतात. ऐनवेळच्या विषयात तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्यानं विचारलं, आम्ही विजेची गाडी घेतोय, चार्जिंगचा पॉइंट बसवायला परवानगी मिळेल का. खर्च आमचा, मीटर आमचं.

सगळ्यांनी आधी त्यांचं अभिनंदन केलं. चेअरमन म्हणाले, पुढच्या पिढीनं असा विचार करायलाच हवा. मग सेक्रेटरी म्हणाले, पण वायर कुठून न्यायची. एका वहिनींना आग लागण्याची भीती वाटली. एकांनी विचारलं, एकाला दिलं तर उद्या सगळे मागतील, तेव्हा काय. जणू सगळ्यांनी मागणं हे संकट आहे. दोघा-तिघांनी चौकशी केली की एका चार्जिंगमध्ये काय देते. काकांनी डायरी काढली आणि युनिटमागं किती किलोमीटर, त्याचा रकाना कसा पाडायचा ते त्या जोडप्याला तिथंच समजावू लागले. त्या दोघांनी मोबाइलवरचं अ‍ॅप दाखवलं, त्यात सगळं आपोआप निघतं. काका म्हणाले, 'शेरा कुठं लिहायचा?'

विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. मग इमारतीतल्या सगळ्यात लांब-रुंद गाडीचे मालक उठले आणि त्यांनी सूचना मांडली की पार्किंगमध्ये जागा फारच अपुरी पडते, सबब पाहुण्यांनी गाड्या गेटच्या बाहेर लावाव्यात. ठराव एकमतानं मंजूर झाला.